श्रद्धेबद्दल थेरपीत कधी आणि कसं विचारावं

झोप, भूक, व्यसन, घरची माणसं हे सगळं पहिल्या सेशनला विचारलं जातं. श्रद्धेचा रकाना मात्र कोराच राहतो. मग सातव्या सेशनला क्लायंट म्हणतो, "हे माझ्या पापाचं फळ आहे," आणि थेरपिस्ट अडखळतो.

म्हणून सुरुवातीलाच विचारा. अमेरिकी डॉक्टर क्रिस्टीना पुचाल्स्की यांनी १९९६ मध्ये मांडलेल्या 'फायका' (FICA) पद्धतीत चारच मुद्दे आहेत: श्रद्धा कशावर आहे, रोजच्या जगण्यात तिचं वजन किती, सोबतीला समुदाय आहे का, आणि उपचारात तिची दखल कशी घ्यायची. "माझी श्रद्धा नाही" हेही पूर्ण उत्तर आहे. नोंदवा आणि पुढे जा.

माणूस श्रद्धाळू आहे की नाही, एवढ्यावरून फारसं काही कळत नाही. अडचणीत ती श्रद्धा काय करते, ते पाहायला हवं. संकटात माणूस श्रद्धेचा आधार कसा घेतो हे मोजणारी मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गामेंट यांची एक संक्षिप्त प्रश्नावली आहे; तिच्यात १४ विधानं आहेत. सात आधार शोधण्याची, सात संघर्षाची: देवाने मला टाकलं, ही शिक्षा आहे, वगैरे. या दुसऱ्या सातांकडे नीट लक्ष द्या, कारण नैराश्याशी यांचाच संबंध वारंवार दिसतो.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे "देव अशी शिक्षा देत नाही" असं सांगून मोकळं होणं. धीर द्यायला म्हटलेलं असलं, तरी तो थेरपिस्टने दिलेला धार्मिक निवाडाच असतो. त्यापेक्षा विचारा: तुमच्या धर्मात क्षमेबद्दल काय सांगितलंय? हेच दुःख दुसऱ्या कुणाच्या वाट्याला आलं असतं, तर त्यालाही पापी म्हणाला असता का?

धार्मिक मंत्रचळात, म्हणजे पापाच्या भीतीने तेच विचार आणि त्याच कृती पुन्हा पुन्हा होणाऱ्या आजारात (ओसीडीचा एक प्रकार), तर फार जपावं लागतं. एक शब्द चुकला म्हणून प्रार्थना तीस वेळा म्हणणाऱ्याला मुद्दाम पाप करायला लावू नका. तो पुन्हा येणार नाही, आणि त्याचं बरोबरच असेल. प्रार्थना एकदाच म्हणायची, चूक तशीच ठेवायची आणि येणारी अस्वस्थता काही न करता सोसायची, एवढा सराव पुरतो. किती प्रार्थना पुरेशी, हे त्याच्याच धर्मातली इतर माणसं किती करतात त्यावरून ठरवा. क्लायंटच्या लेखी संमतीने त्याच्या धर्मगुरूंशी बोलून घ्या. त्यांना एक विनंती आवर्जून करा: शंकेचं उत्तर एकदाच द्या. तोच धीर रोज मिळत गेला, तर तोही कर्मकांडाचाच भाग होऊन बसतो.

स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करण्याचा 'दैवी आदेश' ऐकू येत असेल, तर ही सगळी चर्चा बाजूला ठेवून आधी सुरक्षितता पाहा आणि त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवा.