२०३० ची डेडलाईन आणि दर दोन मिनिटाला एक आई

२०१५ च्या सप्टेंबरमध्ये युनोच्या सगळ्या म्हणजे १९३ देशांनी मिळून १७ उद्दिष्टं मान्य केली, शाश्वत विकास उद्दिष्टं म्हणतात त्यांना, आणि मुदत ठरली २०३०. पहिलं गरिबी संपवायची, दुसरं भूक, तिसरं आरोग्य, आणि सगळ्यांखाली मिळून १६९ टार्गेट्स. तेव्हाच बऱ्याच जणांनी नाकं मुरडली होती की एवढी मारुतीच्या शेपटासारखी यादी कोण पाळणार, आणि आता मुदत जवळ आल्यावर तेच लोक म्हणतायत की बघा, सगळे कागदी घोडे निघाले. मला हे अजिबात पटत नाही.

याच्या आधी २००० साली ठरलेली उद्दिष्टं आठच होती, मुदत २०१५. त्यात पाच वर्षांखालच्या मुलांचे मृत्यू दोन तृतीयांशाने कमी करायचे होते. ते जमलं नाही, हे खरंच. पण १९९० मध्ये वर्षाला सव्वा कोटीच्या आसपास मुलं पाच वर्षांची व्हायच्या आत दगावत होती, २०१५ ला तो आकडा ६० लाखांच्या आसपास आला आणि २०२२ मध्ये पहिल्यांदाच ५० लाखांच्या खाली गेला. आणि हे कशामुळे झालं तर बरंचसं गोवराची लस, औषध लावलेल्या मच्छरदाण्या, ओआरएस असल्या स्वस्त गोष्टींमुळे. ओआरएसचंच बघा ना, १९७१ मध्ये बांगलादेश युद्धामुळे पश्चिम बंगालमधल्या बनगावला आलेल्या निर्वासितांमध्ये कॉलरा पसरला, सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा पाण्यात कालवून ते पिंपांत भरून ठेवलं आणि नातेवाईकांनाच सांगितलं की पेशंटला पाजत राहा. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्याही खाली आलं. म्हणजे उपाय केव्हाचा हातात होता, तो सगळीकडे पोचवायला मात्र कुणीतरी आकडा आणि तारीख समोर ठेवावी लागली.

आता बाळंतपणाचं सांगते, कारण मला सगळ्यात जास्त तेच लागतं. २०२३ मध्ये जगात गरोदरपणात, बाळंतपणात किंवा त्यानंतर लगेच दगावलेल्या बायका साधारण २ लाख ६० हजार, म्हणजे दर दोन मिनिटाला एक. एक लाख जिवंत जन्मांमागे १९७ मृत्यू, आणि २०३० पर्यंत आणायचे आहेत ७० च्या खाली. यातलं एक मोठं कारण म्हणजे बाळंतपणानंतरचा रक्तस्राव. तो किती झाला हे वर्षानुवर्षं नुसतं नजरेने ठरवलं जायचं, चादर भिजलेली दिसली की अंदाज करायचा, आणि हा अंदाज बहुतेक वेळा कमीच निघतो, त्यामुळे धावपळ सुरू होईपर्यंत उशीर झालेला असतो. मग केनिया, नायजेरिया, टांझानिया आणि दक्षिण आफ्रिकेतल्या ८० हॉस्पिटलांत एक साधा प्रयोग झाला, २०२३ मध्ये त्याचे रिझल्ट आले. आईच्या खाली एक प्लास्टिकची शीट, तिला खाली पिशवी, पिशवीवर मिलीलिटरच्या रेघा. रक्त ५०० च्या रेघेला पोचलं की वाट बघायची नाही, गर्भाशयाचा मसाज, इंजेक्शनं, सलाईन, तपासणी, हे सगळं एकदमच सुरू करायचं, एक करून बघू मग दुसरं असं नाही. गंभीर रक्तस्राव, रक्तस्रावामुळे पोट उघडून ऑपरेशन करण्याची किंवा मृत्यूची वेळ यात मिळून ६० टक्के घट झाली. औषधं सगळी जुनीच होती हो! फरक पडला तो रेघेमुळे.

गरिबीच्या बाबतीत मात्र २००० सालच्या टार्गेटवर माझा राग आहे. तेव्हा ठरलं होतं की अतिगरिबांचं प्रमाण निम्मं करायचं, आणि ते पाच वर्षं आधीच झालं, पण निम्मं करायचं म्हटलं की जे गरिबीच्या रेषेच्या अगदी जवळ आहेत त्यांना वर उचललं तरी काम फत्ते होतं, सगळ्यात तळाला जे आहेत त्यांच्याकडे बघायचीही गरज पडत नाही. २०१५ ला शून्य म्हटलं गेलं ते म्हणूनच मला फार महत्त्वाचं वाटतं. शिवाय आजारपण आणि गरिबी वेगळी काढताच येत नाहीत, घरातलं एक मोठं ऑपरेशन झालं की कर्ज, मग जमीन किंवा जनावर विकणं, मग मुलांची शाळा सुटणं, आणि रेषेच्या वर आलेलं घर परत खाली. आरोग्याचा खर्च खिशातून करावा लागू नये हे टार्गेट तिसऱ्या उद्दिष्टात आहे, पण माझ्या मते ते पहिल्यातही लिहायला हवं होतं.

आणि सध्या जे चाललंय त्याची खरंच भीती वाटते. श्रीमंत देशांनी राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के मदत द्यावी हे १९७० पासून ठरलेलं आहे, देणारे देश हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यात २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेने आपली बरीचशी मदत थांबवली, औषधं अडकली, दवाखाने बंद पडले, त्याच्या बातम्या आल्या. पण त्याच झटक्यात अमेरिकेच्या पैशांवर चालणारा डीएचएस नावाचा आरोग्य-सर्वेचा कार्यक्रम बंद पडला त्याची चर्चा फार कमी झाली. १९८४ पासून ९० पेक्षा जास्त देशांत या सर्वेवाल्या बायका घरोघरी जाऊन विचारायच्या, तुम्हाला किती मुलं झाली, त्यातली आता किती आहेत, जे गेलं ते किती महिन्यांचं होतं. अनेक देशांत मृत्यूची नोंदच धड होत नाही, तिथे बालमृत्यूचा आकडा यायचा तो या प्रश्नांतूनच. नंतर काही अर्धवट सर्वे पूर्ण करण्यापुरते पैसे दुसरीकडून मिळाले, पण पुढचं काय? मदत कमी झाल्यामुळे मुलं दगावतायत की नाही हे दाखवायलाच कुणी उरलं नाही तर २०३० ला हिशोब मागणार कोण आणि कशाच्या जोरावर? माझं तरी स्पष्ट मत आहे, परत पैसे उभे राहतील तेव्हा औषधांच्या बरोबरीने त्या घरोघरी जाणाऱ्या बायकांचा पगार आधी द्या.