रविवारी दुकानं बंद, बाग उघडी

जर्मनीतल्या लाइपझिगला राहायला आलो तेव्हा सुरुवातीला इथल्या रविवारचा नुसता राग यायचा. शनिवारी रात्री दूध संपलं की सोमवारपर्यंत कोरा चहा. मॉल बंद, किराणा बंद, कपड्यांची दुकानं बंद. स्टेशनातली काही दुकानं, पेट्रोल पंप आणि सकाळचे थोडे तास बेकरी, एवढंच काय ते उघडं. भिंतीत ड्रिल मारायचं नाही, गवत कापायचं मशीन चालवायचं नाही. रिकाम्या बाटल्यासुद्धा कोपऱ्यावरच्या काच गोळा करायच्या पेटीत टाकायच्या नाहीत, कारण त्यांचा खळखळाट होतो! आठवडाभराची तुंबलेली कामं रविवारी उरकायची, याच शिस्तीत आपण वाढलेलो. मग इथे दिवसभर करायचं काय?

ही कुणा एका सरकारची लहर नव्हे. जर्मनी प्रजासत्ताक झाल्यावरच्या 1919 च्या वायमार राज्यघटनेत रविवारला कामापासून विश्रांतीचा दिवस म्हणून संरक्षण दिलेलं होतं आणि दुसऱ्या महायुद्धानंतर नवी राज्यघटना लिहिली तेव्हा ते कलम तिच्यातही कायम ठेवलं. मध्यंतरी बर्लिन राज्याने नाताळच्या आधीचे चारही रविवार दुकानांना मोकळे केले, तेव्हा तिथल्या चर्चसंस्था थेट घटना न्यायालयात गेल्या. 2009 साली निकाल त्यांच्या बाजूने लागला. दुकानदाराला गल्ला भरायचाय आणि गिऱ्हाइकाला खरेदीची हौस आहे, एवढी कारणं रविवार मोडायला पुरेशी नाहीत, असा त्याचा मथितार्थ. गंमत म्हणजे आमच्या या पूर्व जर्मनीत बहुतेक लोक चर्चची पायरीही चढत नाहीत. देव सुटला, पण रविवार सोडायला कुणी तयार नाही.

रविवारी ही मंडळी जातात कुठे, हे आम्हाला खालच्या मजल्यावरच्या आजींनी दाखवलं. सायकलला टोपली अडकवून त्या बागेत जातात. बाग म्हणजे शहरातच, रेल्वे रुळांच्या पलीकडे, एकाला एक लागून असलेले छोटे तुकडे. प्रत्येकात एक लाकडी खोली, एखाददुसरं फळझाड, भाजीचे वाफे आणि चार खुर्च्या. देशभरात असे सुमारे नऊ लाख तुकडे आहेत.

या प्रकाराचं माहेर लाइपझिगच. इथे डॉक्टर श्रेबर नावाचे एक गृहस्थ होते. मुलांनी ताठ बसावं म्हणून त्यांना पट्ट्यांनी बांधणारी साधनं तयार करणारे, म्हणजे फार प्रेमळ म्हणावेत असे नव्हेत. ते 1861 साली वारले. पुढे 1864 मध्ये हाउशिल्ड नावाच्या मुख्याध्यापकांनी पालकांची एक संस्था काढली आणि तिला श्रेबरांचं नाव दिलं. मुलांना खेळायला मैदान झालं. गेझेल नावाच्या निवृत्त शिक्षकाने मैदानाच्या कडेने मुलांसाठी वाफे आखले. मुलांचा उत्साह लवकरच ओसरला, तण माजलं आणि शेवटी आईबापांनीच कुदळ हातात घेतली. अशा बागांना आजही श्रेबरांचंच नाव आहे. त्यांनी मात्र यातली एकही पाहिलेली नाही. त्या जुन्या संस्थेच्या इमारतीत आता बागांचं संग्रहालय आहे. इकडे आलात तर नक्की बघा.

आजींची बाग पूर्व जर्मनी हा वेगळा साम्यवादी देश होता त्या काळापासूनची. तेव्हा बागवाल्यांकडची जास्तीची फळं सरकारी खरेदी केंद्रं विकत घ्यायची. आजी स्ट्रॉबेरी देऊन यायच्या. पैसे बरे मिळायचे, असं सांगताना अजूनही त्यांचा चेहरा खुलतो.

सप्टेंबरात त्यांच्याकडे प्लमचा केक असतो. झाडाखाली पडलेली, थोडी सुरकुतलेली फळंच त्या मुद्दाम घेतात, ती जास्त गोड असतात म्हणे. सुरीने एका बाजूने चिरून बी काढायची, फळ पुस्तकासारखं उघडायचं आणि यीस्ट घालून फुगवलेल्या पिठाच्या पोळीवर उभं खोचायचं, इतकं दाटीवाटीने की खालचं पीठ दिसता कामा नये. वरून लोणी, साखर, मैदा बोटांनी चोळून केलेला चुरा. साडेतीनच्या सुमारास कॉफीबरोबर तो समोर येतो आणि कुठून कुठून गांधीलमाश्या जमतात. आजी एका बशीत चमचाभर जॅम घालून ती टेबलापासून लांब ठेवतात. निम्म्या माश्या तिकडे जातात, उरलेल्यांकडे कुणी लक्ष देत नाही. तीन तास बसतो, बोलतो थोडंच. माझा मुलगा गोगलगाई वेचून बादलीत टाकतो. फोन पिशवीत असतो, कुणी तशी सक्ती केलेली नाही तरी.

आपण म्हणतो, सुख मानण्यावर असतं. मला आता ते अर्धंच पटतं. शहराच्या मधोमध एवढी जमीन नुसती मानून शिल्लक राहिली नसती, बिल्डरने केव्हाच गिळली असती. तिच्यामागे 1983 चा केंद्रीय कायदा उभा आहे. एक तुकडा 400 चौरस मीटरपेक्षा मोठा नको. खोली ओसरीसकट 24 चौरस मीटरच्या आत आणि तिच्यात कायमचा मुक्काम करायचा नाही. भाडं त्या भागात फळं आणि भाज्या पिकवणाऱ्या शेतजमिनीचा जो खंड असेल, त्याच्या चौपटीवर नेता येत नाही. बाग सोडणाऱ्याला झाडांचे आणि खोलीचे पैसे मिळतात, जमिनीचे नाहीत. म्हणून इथे ट्रकचालकाच्या शेजारी प्राध्यापक मुळा उपटताना दिसतो.

सगळंच गोड आहे असंही नाही. बागा चालवणाऱ्या संस्थेचे नियम कधीकधी डोकं उठवतात. कुंपणाची उंची टेप लावून मोजणारे महाभाग मी पाहिलेत. वर्षातून ठरलेले तास सामुदायिक श्रमदान करायचं, नाहीतर पैसे भरायचे. दवाखान्यात नाहीतर हॉटेलात रविवारी राबणारेही आहेतच, त्यांच्या वाट्याला ही दुपार येत नाही. आणि आठवडाभर दोन नोकऱ्या सांभाळणाऱ्या एकट्या आईला रविवारी दुकान उघडं असतं तर बरं झालं असतं, हेही कबूल करायला हवं.

तरी परतताना आम्ही गावाबाहेरच्या फुलांच्या शेताकडून येतो तेव्हा राग उरत नाही. सूर्यफुलं, ग्लॅडिओलस, डेलिया. पाटीवर प्रत्येक फुलाचा भाव, दोरीला बांधलेली सुरी आणि जमिनीत पक्की रोवलेली लोखंडी पेटी. माणूस कुणी नाही, कॅमेराही नाही. फुलं कापायची, मोजायची, नाणी टाकायची. पेटी पक्की रोवलेली आहे यावरून विश्वासालाही काही मर्यादा असाव्यात, पण फुलं सगळी उघड्यावर आहेत.

स्वतःच्या बागेसाठी आम्ही प्रतीक्षायादीत आहोत. तोवर आजींनी त्यांच्यातला एक वाफा आम्हाला दिलाय. मेच्या मध्यापर्यंत त्या टोमॅटो लावू देत नाहीत. 11 ते 15 मे हे थंडीच्या संतांचे दिवस, तेव्हा शेवटची कडक थंडी पडते असं इथे मानतात, ते सरल्याशिवाय रोप बाहेर काढायचं नाही. मृग लागल्याशिवाय पेरणी नाही म्हणणारे माझे आजोबा त्यांना नक्की आवडले असते. मेथी छान येते. कोथिंबीर मात्र दगा देते, जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे पानं धरायच्या आत ती फुलावर जाते.

परवा संस्थेचे एक पदाधिकारी पाहणीला आले होते. बागेचा साधारण तिसरा हिस्सा फळांना आणि भाज्यांना द्यावाच लागतो. त्यांनी मेथीचं पान खुडून चावलं, तोंड वाकडं केलं आणि ही भाजीत धरायची की औषधात, असं आजींना विचारलं. आजी म्हणाल्या, "भाजीत. मी खाल्लीय." त्यांनी वहीत तसं लिहून घेतलं. मग जाता जाता मला बजावलं, शनिवारी श्रमदान आहे, हातमोजे आपले आपण आणायचे.