किनाबतांगन नदीवरची सफारी: बॅगेत काय भरलं, काय उपयोगी पडलं

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही चौघं, म्हणजे मी, नवरा, अकरा वर्षांची लेक आणि माझी आई, बोर्निओला जाऊन आलो. मलेशियातलं सबा राज्य, तिथली किनाबतांगन नदी, काठावर सुकाउ नावाचं गाव, त्याच्या जवळ एका लॉजमध्ये तीन रात्री. आल्यापासून इथे ठाण्यात बिल्डिंगमधल्या दोघींनी आणि ऑफिसातल्या एकाने "काय काय नेलं होतंस गं" विचारलं आणि प्रत्येकाला फोनवर तेच सांगून झालं, म्हणून एकदाचं सगळं लिहून काढतेय.

आधी हे समजून घ्या की ही ताडोबासारखी जिप्सीतली सफारी नाही. ५६० किलोमीटर लांबीची नदी आहे, मलेशियातली दोन नंबरची, आणि खालच्या भागात तिच्या दोन्ही अंगांना मैलोनमैल पाम तेलाची लागवड झालीय. जंगल उरलंय ते बरंचसं नदीच्या काठाकाठाने पट्ट्यापट्ट्यांत, त्यामुळे प्राणी त्या पट्ट्यातच एकवटलेत आणि आपण ते बोटीतून बघतो. पहाटे सहाला एक फेरी, दुपारी चारला एक, रात्री जेवणानंतर एक. बोट छोटी, फायबरची, वर छप्पर नाही. म्हणजे वरून पाऊस, बाजूने पाण्याचे शिंतोडे आणि आतून घाम, तिन्हीकडून ओलं व्हायची सोय. म्हणून बॅगेत टाकायच्या प्रत्येक वस्तूला मी एकच प्रश्न विचारायला सांगते: हे ओलं झालं तर किती वेळात वाळेल? वाळणार नसेल तर ते कोरडं कशात राहील? या दोन्हीचं उत्तर नसेल तर ती वस्तू घरीच राहू दे.

एक गोष्ट आम्ही फार चांगली केली, जायच्या आधी रंगीत तालीम केली. एप्रिलमध्ये ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातून ठाणे खाडीत फ्लेमिंगो बघायला बोट निघते (भरतीच्या वेळेप्रमाणे निघते, आधी बुकिंग करा). त्या बोटीत आम्ही तिकडे नेणार होतो तेच सामान घेऊन बसलो, तेच बूट, त्याच टोप्या, तीच दुर्बीण. रामसर दर्जा (महत्त्वाच्या पाणथळ जागांना मिळणारा आंतरराष्ट्रीय दर्जा) मिळालेली खाडी घरापासून अर्ध्या तासावर आहे तर तिचा असा उपयोग का करू नये. तिथे कळलं की नवऱ्याची १० बाय ५० ची, म्हणजे दहापट मोठं दाखवणारी, दुर्बीण इंजिनच्या थरथरीत नुसती नाचते, काही दिसतच नाही, आणि लेकीची टोपी पाचव्या मिनिटाला खाडीत गेली. मग दुर्बीण बदलून मैत्रिणीकडून ८ बाय ४२ ची, आठपटीची, आणली आणि टोप्यांना हनुवटीखाली बांधायची नाडी शिवून घेतली. ट्रायपॉडही तिथेच रद्द झाला, हलत्या बोटीत त्याचा काही उपयोग नाही.

कपड्यांचं सांगते. मी एक जीन्स नेली, विमानात घालायला म्हणून, आणि सुकाउला पोचायच्या बोटीतच पावसाने भिजली. ती तीन दिवसांनी निघताना सुद्धा कमरेपाशी ओलीच होती आणि वास यायला लागला होता. तिथली हवा आपल्या जुलैसारखी समजा, पण रोज, आणि गॅलरीत ऊन येत नाही. जाड सुती टीशर्टचंही तेच होतं. पातळ नायलॉन-पॉलिस्टरचे पूर्ण बाह्यांचे शर्ट आणि ट्रॅकपॅंट, माणशी तीन जोड पुरतात, एक अंगावर, एक वाळत, एक झिपच्या पिशवीत कोरडा आणि तो रात्री झोपताना घालायचा, त्याला बोटीत न्यायचंच नाही. सोबत सहा-सात मीटर नायलॉनची दोरी आणि डझनभर चिमटे न्या, पावसाळ्यात आपण हॉलमध्ये पंख्याखाली दोरी बांधतो तशीच खोलीत बांधायची.

आणि टॉवेल नको, पंचे न्या! आईने प्रत्येकाला दोन असे आठ पंचे घेतले होते, मला तेव्हा वाटलं कशाला इतके, पण संपूर्ण ट्रिपमध्ये सगळ्यात जास्त वापरली गेलेली वस्तू तीच. विरळ विणीचा असल्यामुळे पंचा पिळून पंख्याखाली टाकला की दोनेक तासात वाळतो. डोकं पुसायला, बोटीची ओली सीट पुसायला, मानेवर ऊन लागू नये म्हणून, कॅमेऱ्यावर टाकायला. आणि ओला कपडा कोरड्या पंच्यात गुंडाळून दोघांनी दोन्हीकडून पिळला की निम्मं पाणी पंचा ओढून घेतो, ही आईचीच युक्ती.

ट्रॉली बॅग नेऊ नका. संदाकान या सबातल्या शहराच्या विमानतळावरून गाडीने अडीच-तीन तास, मग जेट्टी, मग बोट, मग लाकडी फळ्यांची वाट. फळ्यांमधल्या फटीत आमच्या मोठ्या बॅगेचं चाक अडकून तुटलं आणि पुढे नवऱ्याने ती उचलूनच नेली. पाठीवरची सॅक बरी. सॅकला बाहेरून कव्हर असतं त्याच्यावर विसंबू नका, पाणी पाठीकडून आत येतं, आतमध्ये जाड काळी कचऱ्याची पिशवी घालून त्यात सगळं भरा. वेगवेगळ्या मापाच्या झिपवाल्या पिशव्या मी जांभळी नाक्यावरून घेतल्या. रेनकोटऐवजी पॉंचो घ्या, तो मांडीवरच्या बॅगेसकट आपल्याला झाकतो. मे महिन्यात ठाण्यात दुकानांबाहेर रेनकोट लागायला सुरुवात झालेली असते तेव्हा शोधावं लागत नाही.

आता कॅमेऱ्याचं, कारण याची चुटपुट मला अजून आहे. पहिल्या पहाटे सहाला बोट निघाली, नदीवर धुकं होतं, आणि डोक्यावरून एकदम तो आवाज आला. कोकणात ज्याने धनेश ऐकलाय त्याला लगेच कळतं, पंखांचा तो भसाभस आवाज, लांबून वाफेचं इंजिन यावं तसा. ऱ्हायनोसेरॉस हॉर्नबिल, म्हणजे तिथल्या एका धनेशाची जोडी आमच्या अगदी वरच्या सुक्या फांदीवर येऊन बसली, चोचीवरचं ते केशरी शिंग वर वळलेलं. नवऱ्याने कॅमेरा लावला तर लेन्स पूर्ण पांढरी. पुसली, परत पांढरी. रात्रभर कॅमेरा एसीच्या खोलीत थंड झालेला आणि बाहेरच्या दमट हवेत आल्याबरोबर त्यावर बाष्प धरलं, फ्रीजमधून काढलेल्या स्टीलच्या तांब्यावर धरतं तसं. पुसून काही होत नाही, काच गरम व्हावीच लागते. पंधरा मिनिटांनी लेन्स साफ झाली तोवर जोडी उडून गेली होती. दुसऱ्या दिवसापासून कॅमेरा आणि दुर्बीण दोन्ही झिपच्या पिशवीत बंद करून रात्री बाथरूममध्ये ठेवले जिथे एसीचा गारवा पोचत नाही, आणि निघायच्या अर्धा तास आधी पिशवीसकट बाहेर व्हरांड्यात. एकदाही बाष्प आलं नाही. पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या टाका, नवीन चपला-पर्समधून निघतात त्या आम्ही महिनाभर साठवल्या होत्या.

संध्याकाळच्या फेरीला मात्र सगळं जमलं. लांब नाकाची प्रोबोसिस माकडं, जी फक्त बोर्निओत सापडतात, ती अंधार पडायच्या आधी झोपायला नदीकाठच्या झाडांवर येतात. बोटवाल्याने मेनांगुल नावाच्या छोट्या उपनदीत इंजिन बंद केलं आणि एक मोठा नर, पोट सुटलेला, नाक पार ओठांवर लोंबणारं, समोरच्या फांदीवर बसून पानं खाताना प्रत्येक घासाला हाताने नाक बाजूला करत होता. लेक वीस मिनिटं एक शब्द बोलली नाही. या फेरीला बॅगेत पाणी, पॉंचो, दुर्बीण, पंचा एवढंच हवं, बाकी ओझं खोलीवर. सूर्यास्त सव्वासहाच्या आसपास होतो आणि मग झपकन अंधार पडतो, त्यामुळे डोक्याला लावायचा टॉर्च खिशात असू द्या. रात्रीच्या फेरीत मात्र तो लावू नका, किडे थेट तोंडावर येतात आणि प्राण्यांच्याही डोळ्यांवर उजेड जातो, गाइडचा एक झोत पुरतो.

जळवा आहेत. वासोटा, कोयना केलेल्यांना नवीन नाही, पण इथली एक पट्ट्यापट्ट्यांची जळू जमिनीवर नाही तर पानांवर बसलेली असते आणि कमरेच्या वर चावते. म्हणून शर्ट पॅंटमध्ये खोचलेला पाहिजे, आणि गुडघ्यापर्यंतचे लीच सॉक्स (जळवा अडवणारे मोजे) पॅंटच्या वरून. आईच्या दंडाला एक लागली, तिने नख आडवं सरकवून शांतपणे काढली. चालायला लॉजवर गमबूट मिळतात, पण मोठ्या मापाचे पाय असतील तर आधी विचारा. नाहीतर संदाकानच्या बाजारात काळे रबरी बूट मिळतात, तिथले लोक त्यांना अदिदास कंपुंग म्हणतात, म्हणजे गावचे अदिदास, स्वस्त, चिखलात घसरत नाहीत आणि बादलीत धुतले की झालं.

डासांसाठी डीट (डास पळवणारं रसायन) असलेला स्प्रे नेला. तो हाताला लागलेला असताना दुर्बीण धरू नका, प्लास्टिक आणि रबर विरघळून चिकट होतं, माझ्या फोनच्या कव्हरवर बोटांचे ठसे कायमचे उमटलेत. तळहात पंच्याने पुसून मगच वस्तूला हात लावा.

खाण्याचं थोडक्यात: शाकाहारी असाल तर लॉजला बुकिंग करतानाच कळवा, आणि सांबल, म्हणजे तिथली तिखट चटणी, दिसली तर बलाचान आहे का विचारा, म्हणजे सुकटीची आंबवलेली पेस्ट. आईसाठी मेतकूट, दशम्या आणि भाजणी नेली होती, गरम भात सगळीकडे मिळतो. डबे घट्ट झाकणाचे पाहिजेत आणि खोलीची खिडकी लावलेली पाहिजे, तिथली लांब शेपटीची माकडं आपल्या येऊरच्या माकडांइतकीच धीट आहेत.

ज्येष्ठ मंडळी सोबत असतील तर बोटीत चढणं हाच खरा प्रश्न. जेट्टी आणि बोट यांच्यात पाण्याच्या पातळीप्रमाणे फूट-दीड फूट अंतर पडतं. आईने साडी नेलीच नव्हती, सलवार-कुर्ता आणि मागे पट्टा असलेल्या सॅंडल. बसायला हवा भरायची छोटी उशी नेली, दोन-अडीच तास कडक सीटवर कंबर धरते.

वाटेत सेपिलोकला ओरांगउटान केंद्र आहे, १९६४ पासूनचं, खाणं द्यायच्या वेळा सकाळी दहा आणि दुपारी तीन. तिथे बॅग लॉकरमध्ये ठेवावी लागते, म्हणून गळ्यात अडकवता येईल एवढंच घ्या. गोमांतोंगच्या गुहेत जाणार असाल तर टोपी, मास्क आणि बंद बूट पाहिजेतच, वर वटवाघळं, खाली विष्ठा आणि झुरळं, रेलिंगला हात लावू नका.

प्लग तीन चौकोनी पिनांचा, ब्रिटिश पद्धतीचा, अडॅप्टर इथूनच घ्या. पॉवरबॅंक हातातल्या बॅगेत. जायच्या आधी तीन दिवसांत मलेशियाचं ऑनलाइन अरायव्हल कार्ड भरावं लागतं. आणि क्वालालंपूरहून सबाला जाताना विमान देशांतर्गत असलं तरी पासपोर्ट परत तपासतात, तो चेक-इनच्या बॅगेत टाकू नका. रोख रिंगिट (मलेशियाचं चलन) संदाकानलाच काढून ठेवा, सुकाउला एटीएमच्या भरवशावर राहू नका.

औषधांत ओआरएस, ॲंटिसेप्टिक, बुरशीची पावडर (बोटांच्या बेचक्यांत लागतेच) आणि नेहमीच्या गोळ्या दोन वेगळ्या पिशव्यांत वाटून. मलेरियाच्या गोळ्या घ्यायच्या का हे महिनाभर आधी डॉक्टरांना विचारा. सबात माकडांपासून माणसाला होणारा नोलेसी मलेरिया आहे, तो लवकर वाढतो. त्यामुळे परत आल्यावर पुढच्या काही आठवड्यांत ताप आला तर "पावसाळा आहे, व्हायरल असेल" म्हणून अंगावर काढू नका, त्याच दिवशी रक्त तपासा आणि डॉक्टरांना बोर्निओच्या जंगलात जाऊन आलोय हे स्वतःहून सांगा. नवऱ्याला दहाव्या दिवशी ताप आला तेव्हा आम्ही तेच केलं, मलेरिया निगेटिव्ह, लेप्टोस्पायरोसिसही निगेटिव्ह, तीन दिवसांत उतरला.