विम: फाइल बदलली तरी कर्सर जागेवर

विम या टेक्स्ट एडिटरमध्ये बफर (म्हणजे उघडलेली फाइल) बदलायच्या कीज बसवून झाल्यावर कर्सरकडे वळलो. फाइल बदलून परत आलं की कर्सर होता तिथेच हवा, इतकीच अपेक्षा. पण यात ओळ, कॉलम आणि स्क्रोल अशा तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तिघींचे नखरे वेगळे.

ओळ विम आपणहून लक्षात ठेवतो. कंट्रोल-सहा (आधीच्या फाइलीवर जायची की) दाबून परत आलं की ओळ तीच असते, पण कर्सर मात्र ओळीच्या पहिल्या अक्षरावर. ही स्टार्टऑफलाइन या सेटिंगची करामत. नोस्टार्टऑफलाइन करून ते बंद केलं की कॉलमही परत मिळतो. निओविममध्ये (विमवरून निघालेला एडिटर) हे मुळातच बंद असतं, त्यामुळे तिकडच्या मंडळींना हा त्रास माहीतही नसेल. यानंतर जीजी (फाइलीच्या सुरुवातीला) आणि कंट्रोल-डी (अर्धं पान खाली) यासुद्धा कॉलम धरून राहतात; मला तरी ते आवडलं.

खरी कटकट स्क्रोलची. ४१२वी ओळ स्क्रीनच्या तळाशी ठेवून गेलो, तर परतल्यावर ती मधोमध. कर्सर बरोबर, पण आजूबाजूचा कोड हललेला, म्हणजे डोळ्यांना पुन्हा शोधाशोध. यावर बफलीव्हला (बफर सोडताना) विनसेव्हव्ह्यू हे फंक्शन आणि बफएंटरला (बफरमध्ये येताना) विनरिस्टव्ह्यू, म्हणजे दृश्य साठवायचं आणि परत लावायचं, हा नेहमीचा तोडगा. त्यात ओळ-कॉलमसोबत वरची पहिली दिसणारी ओळ आणि आडवा स्क्रोलही साठवला जातो. बहुतेक जण हे बफरच्या व्हेरिएबलमध्ये ठेवतात. एकच फाइल दोन खिडक्यांत उघडी असेल तर मग एकीचा व्ह्यू दुसरीत घुसतो. म्हणून मी खिडकीच्या व्हेरिएबलमध्ये डिक्शनरी (की-व्हॅल्यूची यादी) केली; तिची की (key) म्हणजे बफर नंबर. डिफ (दोन फाइलींची शेजारी-शेजारी तुलना) चालू असताना हे सगळं वगळलंय, नाहीतर दोन्ही बाजूंचा मेळ बिघडतो.

विम बंद करून उघडल्यावरचं काम सोपं आहे. शेवटची जागा दुहेरी अवतरणाच्या मार्कमध्ये (जागेची खूण) असते आणि विमइन्फो ही विमची नोंद-फाइल ती जपते, सहसा १०० फाइलींपर्यंत. तिथे उडी मारणारा ऑटोकमांड (ठरावीक घटनेला आपोआप चालणारी आज्ञा) विम ८पासून डिफॉल्ट्स फाइलीत आहे. फक्त स्वतःची विमआरसी (सेटिंग्जची फाइल) असली की ती डिफॉल्ट्स फाइल आपोआप वाचली जात नाही, सोर्स करावी लागते, म्हणजे आपणच वाचायला सांगावी लागते. गिटच्या (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन) कमिट मेसेजमध्ये तो ऑटोकमांड उडी मारत नाही, हे फार बरं.

फोल्ड (घडी घालून लपवलेल्या ओळी) बाकी आहेत. परतल्यावर कर्सर कधी कधी मिटलेल्या फोल्डमध्ये सापडतो. सध्या हाताने झेड-व्ही मारून तो उघडतोय. ते बफएंटरमध्येच घालावं का, हे अजून ठरत नाही, कारण काही फोल्ड मी मुद्दाम मिटलेले असतात.