उतारावर गेलेले ट्रेलरचे ब्रेक आणि ॲक्सलच्या नळीतली वायर

प्रवासाच्या दुसऱ्या दिवशी, लांब उतार नुकताच सुरू झाला असताना, ब्रेकवर पाय ठेवताच ब्रेक कंट्रोलरच्या, म्हणजे ट्रेलरचे विजेवरचे ब्रेक गाडीतून चालवणाऱ्या उपकरणाच्या, पडद्यावर शॉर्ट सर्किटची खूण उमटली आणि मागचा दोन ॲक्सलचा ट्रेलर गाडीला पुढे रेटू लागला. शॉर्ट जाणवताच कंट्रोलर स्वतःच्या बचावासाठी ट्रेलरकडे जाणारा प्रवाह तोडतो. म्हणून ती खूण दिसते आहे तोवर ट्रेलरला ब्रेक नाहीत असेच धरून चालावे. आम्ही खालच्या गिअरमध्ये सावकाश उतरलो आणि पहिल्या सपाट, रुंद जागी थांबलो.

तिथे मी तासभर वाया घालवला. डॅशबोर्डखाली आडवा होऊन कंट्रोलरच्या चारही वायरी, म्हणजे बॅटरीची, अर्थिंगची, ब्रेकच्या दिव्याकडून येणारी आणि ट्रेलरकडे जाणारी निळी, एकेक करून तपासल्या. खरे तर आधी ट्रेलरचा सात पिनांचा प्लग उपसून कंट्रोलरचा हाताने चालवायचा दांडा दाबायला हवा होता. तसे केल्यावर खूण उमटली नाही. दोष गाडीत नसून ट्रेलरमध्ये आहे, हे ठरायला अर्धे मिनिटही लागले नाही.

ट्रेलरमध्ये मात्र मल्टिमीटरने चकवले. प्रत्येक चाकातल्या मॅग्नेटचा, म्हणजे ब्रेक लावणाऱ्या विद्युतचुंबकाचा, रोध ३ ते ४ ओहम असतो आणि चार मॅग्नेट समांतर जोडलेले असल्याने एकत्रित रोध जेमतेम १ ओहम भरतो. साध्या मीटरवर तो आणि शॉर्ट यांतला फरक ओळखणे कठीण. म्हणून चारही चाकांजवळचे जोड सोडवले. आता निळी वायर आणि चासी यांच्यात काहीच जोड दिसायला नको होता, पण मागच्या ॲक्सलवर मूठ आपटली की मीटर टुणकन वाजे आणि लगेच गप्प होई. पलीकडच्या चाकाची वायर त्या ॲक्सलच्या पोकळ नळीतून मोकळीच नेलेली होती. ती ओढून काढली, तेव्हा बोटभर इन्सुलेशन घासून जाऊन आतले तांबे चकाकत होते. आम्ही नवी वायर नळीबाहेरून, क्लिपांनी घट्ट बांधून नेली. ज्यांच्या ट्रेलरमध्ये अशी मोकळी वायर आहे, त्यांनी हे काम निघण्यापूर्वीच उरकावे.

दुरुस्तीनंतर प्रवाह मोजताना मीटर निळ्या वायरीच्या मध्ये जोडण्याचा मोह टाळावा. चार मॅग्नेट पूर्ण जोरावर १२ अँपिअर किंवा थोडा अधिक प्रवाह घेतात, तर खिशातल्या मीटरचा फ्यूज बहुधा १० अँपिअरचा असतो. माझा तिथेच उडाला. वायर न तोडता तिच्याभोवती पकडून डीसी प्रवाह मोजणारा क्लॅम्प मीटर सोबत ठेवावा. ट्रेलर सुटल्यास ब्रेक लावणाऱ्या स्विचची पिनही तपासावी, पण ती ओढण्याआधी प्लग काढावा, नाहीतर काही कंट्रोलर जळू शकतात. मग मोकळ्या मैदानात, ताशी ३० किलोमीटरच्या आसपास, दांडा दाबून ट्रेलर मागे खेचतो आहे ना, हे पाहिले आणि उरलेला उतार उतरलो.