गोव्यात क्रूझला कधी यावं? आधी पाणी कुठलं ते ठरवा

‘क्रूझसाठी गोव्याला यायचंय, कुठला महिना चांगला?’ हा प्रश्न पुण्या-मुंबईहून, कोल्हापूर-बेळगावहून वर्षभर येत असतो, आणि विचारणाऱ्याला एका शब्दात उत्तर हवं असतं. तुम्ही विचारलंत म्हणून देतो: जानेवारी. पण हे उत्तर निम्म्याच लोकांच्या कामाचं आहे, कारण गोव्यात ‘क्रूझ’ या नावाखाली तीन निरनिराळ्या गोष्टी विकल्या जातात. पणजीच्या जेटीवरून सुटून मांडवीत तासभर फिरवणारी, वर गाणी-बजावणी चालू असलेली बोट ही एक. सिकेरी, कोको बीच किंवा पाळोळ्याहून डॉल्फिन दाखवायला निघणारी छोटी होडी ही दुसरी. मुरगाव बंदराला लागणारं, दोन-चार रात्रींच्या मुक्कामाचं मोठं जहाज ही तिसरी. नदी, किनारा आणि खोल समुद्र यांचे चांगले दिवस एकच नसतात.

वाईट दिवस मात्र बरेचसे सारखे. मान्सून साधारण जूनच्या पहिल्या आठवड्यात गोव्यात येतो. एरवी किनाऱ्याजवळ मीटरभराच्या आत असणाऱ्या लाटा जून-जुलैत दोन ते चार मीटरवर जातात. १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते. ही बंदी माशांच्या विणीसाठी, पण त्या दिवसांत समुद्रात जाण्यासारखं काही नसतंही. मांडवीच्या मुखाशी, आग्वादजवळ, वाळूचा बार आहे. पावसाळी लाटा त्या उथळ पट्ट्यावर फुटतात आणि बोटींना नदीतून समुद्रात जाणं धोक्याचं होतं. खनिज वाहणाऱ्या सपाट बोटी, म्हणजे बार्जसुद्धा, या काळात आग्वादची वाट सोडून कुंभारजुवे कालव्यातून जुवारी नदीत आणि तिथून मुरगावला जात. ज्यांना हा इशारा अतिसावध वाटतो त्यांच्यासाठी दोन दाखले. २००० सालच्या जूनमध्ये ‘रिव्हर प्रिन्सेस’ हे खनिजवाहू जहाज कांदोळी-सिकेरीच्या किनाऱ्याला येऊन रुतलं, ते २०१२ पर्यंत तिथेच गंजत होतं. आणि २०१७ च्या जुलैत मांडवीत आणलं जाणारं एक कॅसिनो जहाज मिरामारच्या वाळूत अडकलं.

नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला की दर्या शांत झाला, असं समजून ऑगस्टचं बुकिंग विचारणारेही भेटतात. नारळ दिल्यावर मच्छीमार निघतो, कारण त्याला पोट आहे आणि पाण्याची जाण आहे. पर्यटकांच्या होड्या नीट सुरू व्हायला सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर उजाडतो. मांडवीतल्या फेऱ्या मात्र पावसातही चालतात. नदीत लाटा नसतात, फक्त वरचा डेक भिजलेला असतो, पाणी तांबड्या मातीनं गढूळ असतं आणि जोराची सर आली की सगळे खालच्या डेकवर गर्दी करतात. हिरवेगार डोंगर बघायचे असतील तर एका संध्याकाळपुरती तीही मजा आहे.

मोठ्या जहाजाचा हंगाम ऑक्टोबर ते मे. जुनी मुंबई-पणजी बोटही पावसाळ्यात बंदच असायची. आजची जहाजं त्या काळात नुसती उभी राहत नाहीत, दुसऱ्या किनाऱ्याला जातात: ‘कॉर्डेलिया’ या क्रूझ कंपनीनं २०२२ च्या जूनमध्ये आपलं ‘एम्प्रेस’ जहाज चेन्नईहून चालवलं. कारण सरळ आहे. नैऋत्य मान्सूनचा मारा पश्चिम किनाऱ्यावर असतो आणि चेन्नईचा मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरात पडतो. जून-जुलैतच सुट्टी असेल तर गोव्याचा हट्ट सोडून तिकडची फेरी बघावी.

आता ऑक्टोबर ते मे या आठ महिन्यांतले कुठले घ्यायचे? इथे बहुतेक लोक तापमान बघतात. बघायची ती चक्रीवादळं. अरबी समुद्रात ती दोन काळांत होतात, मान्सूनच्या आधी मे-जूनमध्ये आणि मान्सूननंतर ऑक्टोबर ते डिसेंबरात. २०१९ च्या ऑक्टोबरअखेर ‘क्यार’ आणि लगेच पाठोपाठ ‘महा’, २०१७ च्या डिसेंबरच्या सुरुवातीला ‘ओखी’, २०२१ च्या मेमध्ये ‘तौक्ते’. तौक्ते १६ मे रोजी गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेलं, झाडं आणि विजेचे खांब पडले, राज्याचा मोठा भाग अंधारात होता. वादळ दरवर्षी येतं असं नाही, आणि आलंच तरी जहाज त्याच्या वाटेत जात नाही. कप्तान मार्ग बदलतो, एखादं बंदर गाळतो. म्हणजे जिवाला धोका कमी, पण ज्या बंदरासाठी पैसे भरले तेच हुकण्याची शक्यता जास्त. जानेवारी ते मार्च हा काळ वादळांच्या दृष्टीनं सर्वांत निवांत. माझं पहिलं उत्तर जानेवारी होतं ते यामुळे. थंडी हे कारण नव्हे, गोव्यात थंडी ती कसली.

निवांत म्हणजे तळ्यासारखा असंही नाही. हिवाळ्यात अरबस्तानाच्या बाजूला शमाल नावाचे वायव्य वारे सुटतात आणि त्यांनी उठवलेल्या लाटा इथवर पोचतात, हे दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी दाखवून दिलेलं आहे. आकाश निरभ्र, वारा मंद आणि तरी जहाज हळूच डुलतं, ते बरेचदा याच लाटांमुळे. पोट नाजूक असेल तर केबिन जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर घ्या. डुलणं तिथे सर्वांत कमी जाणवतं. वरच्या मजल्यावरची, टोकाची बाल्कनीवाली खोली महाग असते आणि हलतेही तीच जास्त. मळमळीची गोळी त्रास सुरू झाल्यावर घेऊन फारसा उपयोग नाही, जहाज सुटण्याआधी घ्यावी लागते. कुठली आणि किती, ते आपल्या डॉक्टरांना विचारून.

लक्षद्वीप असलेली फेरी निवडत असाल तर जानेवारी-फेब्रुवारीचा आग्रह आणखी धरा. तिथे मोठं जहाज धक्क्याला लागत नाही. बाहेर थांबतं आणि प्रवासी लहान बोटींत उतरून बेटावर जातात. जहाजाला न जाणवणारी लाट त्या लहान बोटीला पुरेशी होते, आणि उतरणं रद्द होतं. एप्रिल-मेमध्ये हे जास्त घडू शकतं, कारण दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळांच्या लांब लाटा तेव्हा वर येतात.

खरी पंचाईत वेगळीच आहे. मराठी घरांच्या सुट्ट्या दोन, दिवाळीची आणि मेची. दोन्ही नेमक्या वादळांच्या काळात पडतात. शाळकरी मुलं असतील तर या दोनांतली दिवाळी घ्यावी, आणि ती नोव्हेंबरात येत असेल तर फारच उत्तम. ऑक्टोबरात परतीचा पाऊस दुपारनंतर गडगडाटासह येतो. मेमध्ये यायचंच तर पहिल्या दहा दिवसांत या. उकाडा असह्य असतो, पण समुद्र सहसा अजून हाताळण्याजोगा असतो. वीस मेनंतरचं स्वस्त तिकीट स्वस्त का आहे, हे वर आलंच.

आता नदी. मांडवीच्या फेरीला महिन्याइतकंच घड्याळ महत्त्वाचं, आणि इथेच लोक फसतात. संध्याकाळी सहाला सुटणारी तासाभराची बोट ‘सूर्यास्त’ म्हणून घेतली जाते. पण पणजीत नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य सहा वाजून दोन-चार मिनिटांनीच मावळतो. बोट धक्का सोडून वळेपर्यंत खेळ आटोपलेला असतो. डिसेंबरअखेर सूर्यास्त सव्वासहाच्या आसपास, जानेवारीअखेर साडेसहाला, फेब्रुवारीच्या मध्याला सहा चाळीसच्या सुमारास आणि मार्चच्या मध्याला पावणेसातला. मेच्या मध्याला तो जवळजवळ सातवर जातो, म्हणजे फेरी संपता संपता. त्यामुळे सहाच्या बोटीला जानेवारीअखेर ते मार्च हाच काळ घ्यावा. नोव्हेंबर-डिसेंबरात यायचं असेल तर पाच-सव्वापाचला सुटणारी बोट शोधा. नाहीतर सूर्यास्ताचा नाद सोडून सातनंतरची, दिव्यांची फेरी घ्या. हिवाळ्यात उघड्या डेकवर दव पडतं, वयस्कर माणसांना शाल लागते. कार्निव्हलच्या शनिवारी आणि नोव्हेंबरात चित्रपट महोत्सव चालू असताना पणजीतल्या बांदोडकर मार्गावर वाहनं खोळंबतात. त्या दिवशी जेटीवर तासभर आधी पोचायचं नियोजन ठेवा.

नदीत गाणी नकोत, पाखरं हवीत असं म्हणणाऱ्यांनी नोव्हेंबर ते फेब्रुवारीत चोडणला जावं. तिथे १.८ चौरस किलोमीटरचं डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे आणि हिवाळी पाहुणे याच महिन्यांत असतात. रायबंदरहून फेरीबोट मिळते. मात्र खाजणातल्या, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या सखल जमिनीतल्या, चिंचोळ्या ओहोळांत होडी शिरायला भरती लागते. ओहोटीला होडी चिखलात बसते. उलट कुंभारजुवे कालव्यातल्या मगरी बघायच्या तर ओहोटी हवी, कारण पाणी उतरल्यावर उघड्या पडलेल्या चिखलावर त्या उन्हाला येऊन पडतात. थंडीच्या दिवसांत तर हमखास, कारण त्यांना अंग तापवायचं असतं.

भरतीची वेळ काढायला कोकणातला जुना हिशेब पुरतो: तिथीला पाऊणनं गुणा, येईल त्या वाजता पूर्ण भरती. दशमीला साडेसात, चतुर्थीला तीन. दिवसातून दोनदा, आणि भरतीनंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, नदीत आत जाल तसा थोडा उशीर होतो. म्हणजे पाखरांसाठी सकाळची भरती हवी तर नवमी ते एकादशी, पक्ष कुठलाही. मगरींसाठी सकाळी नऊ-दहाची ओहोटी हवी तर चतुर्थी-पंचमी. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी फार चढत-उतरत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला दोन मीटरच्या आसपास फरक पडतो, भांगाला त्याच्या निम्म्याच्या आतबाहेर. कॅलेंडर भिंतीवर असतंच, बोटवाल्याला फोन करायच्या आधी ते बघावं.

डॉल्फिनच्या होडीबद्दल थोडक्यात. किनाऱ्यालगत दिसतात ते पाठीवर कुबड असलेले डॉल्फिन, आणि ते इथलेच रहिवासी आहेत, ठरावीक महिन्यात येणारे पाहुणे नव्हेत. म्हणून हंगाम बघायचा तो पाण्याचा. ऑक्टोबरच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत, वेळ सकाळी साडेसात ते साडेनऊ. रात्रभर जमिनीवरून मतलई वारा वाहतो तोवर पाणी सपाट असतं, काळी पाठ लांबून दिसते. दुपारी खारे वारे जोर धरतात, पाण्यावर पांढरे फेस दिसू लागतात, आणि फेब्रुवारीनंतर हा जोर वाढतच जातो. दुपारी तीनची फेरी स्वस्तात देतात ती उगाच नव्हे. दिसल्यावर इंजिन मंद करायला सांगा. मागे लागलेल्या होडीपासून ते बुडी मारून दूर जातात.

निघायच्या आदल्या दिवशी हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या सरकारी सागरी माहिती केंद्राचा समुद्राचा अंदाज बघावा. त्यात लाटेची उंची मीटरमध्ये दिलेली असते. मीटरच्या वर असेल तर लहान होडी टाळा, दोन मीटरपर्यंत मोठ्या जहाजाला काही होत नाही. बंदरावर तीन नंबरचा, म्हणजे वादळी वाऱ्याचा इशारा देणारा, बावटा लागलेला असेल तर बोटवाला काहीही म्हणो, होडीत पाय ठेवू नका.

दराचं म्हणाल तर नाताळ ते नववर्ष सर्वांत महाग आणि सर्वांत गर्दीचं. दहा जानेवारीनंतर दर आणि माणसं दोन्ही उतरतात, हवा तीच राहते. मोठ्या जहाजाचं तिकीट काढताना बंदर शुल्क आणि कर धरून एकूण किती, ते आधी विचारा. हवामानामुळे बंदर गाळलं तर काय परत मिळतं, ते अटींत वाचा. बहुतेक वेळा फार काही मिळत नाही. आणि जहाज परत लागण्याच्या दिवशीच संध्याकाळचं विमान किंवा कोकणकन्येचं आरक्षण ठेवू नका, दुसऱ्या दिवसाचं ठेवा.