तुम्ही विचारलंत म्हणून: लाकडाची फायरप्लेस मी का काढली

दर ऑक्टोबरात पानं लाल व्हायला लागली की नवीन घर घेतलेलं कोणीतरी विचारतंच. "तुमच्याकडे आधी लाकडाची होती ना, मग गॅसची का केलीत? आम्ही कुठली घेऊ?" विचारणाऱ्याचं उत्तर खरं तर आधीच ठरलेलं असतं, लाकडाचीच, मी फक्त मान डोलवायची असते. मी गॅस म्हणलं की चेहरा पडतो. "पण त्याला ती मजा नाही हो!" नाहीये, मान्य. इतकी वर्षं मी "राख काढायचा कंटाळा" असं सांगून वेळ मारून नेली, ते खोटं होतं. आज एकदाच सगळं लिहिते म्हणजे पुन्हा पुन्हा सांगायला नको.

आधी कामाचं. आमचं घर न्यू जर्सीतलं, सत्तरच्या दशकातलं, विटांची खरी चिमणी असलेलं. घर बघायला गेलो तेव्हा किचन काय, बेसमेंट काय, मला काही दिसलंच नाही, मी त्या फायरप्लेससमोर उभी राहून डिसेंबरची स्वप्नं बघत होते. घर घेण्याआधी ते तपासून देणाऱ्या इन्स्पेक्टरने चिमणीची वेगळी तपासणी करून घ्या म्हणून सांगितलेलं, ती आम्ही पुढच्या वर्षावर ढकलली. तुम्ही ढकलू नका. आतल्या नळीला तडा गेलाय का, काजळीचा डांबरासारखा थर साचलाय का, हे खालून टॉर्च मारून कळत नाही, आणि तो थर पेटला तर आग चिमणीच्या आत लागते.

उघडी लाकडाची फायरप्लेस घर गरम करते हा सगळ्यात मोठा गैरसमज. जाळाला हवा लागते, ती तो तुमच्या खोलीतून घेतो आणि चिमणीतून वर फेकतो, मग तेवढीच थंडगार हवा दारंखिडक्यांच्या फटीतून आत येते. समोर बसलेल्याच्या नडग्या भाजतात आणि वरच्या बेडरूममध्ये कुडकुडायला होतं. लाकडाचीच हवी असेल तर त्याच भोकात बसणारा बंद काचेचा लोखंडी स्टोव्ह मिळतो तो घ्या, तो खरंच ऊब देतो. लाकूड मात्र सुकलेलं हवं. ओकचं असेल तर वर्ष-दोन वर्षं वाळवावं लागतं, "सीझन्ड" म्हणून विकणारा काहीही म्हणू दे. इलेक्ट्रिकची शोभेला छान. १५०० वॉटची असते, म्हणजे एक छोटी खोली होते गरम, चिमणी लागत नाही, आणि लाइट गेले की ती नुसतं फर्निचर. लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या गोळ्या जाळणाऱ्या पेलेट स्टोव्हलाही वीज लागते. बिनाचिमणीची गॅसची कोणी गळ्यात मारत असेल तर मी तरी नाही म्हणेन, तिचा जळलेला वायू आणि वाफ तुमच्याच खोलीत राहते, ऑक्सिजन कमी झाला की बंद करणारा सेन्सर असला तरी.

हे सगळं कुठेही वाचायला मिळेल. मी गॅसची का केली ते यात नाहीये.

२०१२ साली दसऱ्याच्या आसपास आई-अण्णा आमच्याकडे होते. २९ ऑक्टोबरला सँडी चक्रीवादळ आलं. त्या दिवशी कोजागिरी होती, आईने सकाळीच दूध आटवायला घेतलं होतं, आणि त्याच पौर्णिमेच्या भरतीत वादळाचं पाणी चढलं आणि किनाऱ्याची वाट लागली. रात्री आठच्या सुमारास लाइट गेले ते नऊ दिवस आलेच नाहीत. आमचं हीटिंग गॅसचं, पण त्याचा पंखा विजेवर, म्हणजे गॅस असून घर थंड. किचनचा गॅस काडीने पेटायचा म्हणून जेवणखाण चाललं. आणि फायरप्लेस होती. शेजारीपाजारी हेवा करायचे. मी सगळ्यांना बोलवून चहा पाजला त्या जाळासमोर, काय तो माझा तोरा.

अण्णा तर खूषच. वाईजवळच्या गावात वाढलेले, सकाळी पाणी तापवायचा बंब पेटवायचं काम लहानपणापासून त्यांचं. ढलप्या कशा रचायच्या, कुठून फुंकायचं, निखारे राखेखाली कसे झाकले की सकाळी विस्तव तयार मिळतो, सगळं हातात भिनलेलं. मी अर्धा पेपर जाळूनही नुसता धूर करायचे तिथे ते एका काडीत पेटवायचे. इथे आल्यापासून पहिल्यांदा या घरात त्यांना येतं आणि आम्हाला येत नाही असं काहीतरी होतं. मायक्रोवेव्हपासून टीव्हीच्या रिमोटपर्यंत सगळीकडे ते मला विचारायचे, इथे मी त्यांना विचारत होते.

पाचवी रात्र. बाहेर शून्याच्या आसपास. आई-अण्णांच्या गाद्या फॅमिली रूममध्येच घातलेल्या, फायरप्लेसजवळ, आम्ही तिघं, मी, नवरा आणि मुलगा, वर. झोपायला जाताना मी म्हणाले, "बघा ना, सगळी ऊब वर चाललीये." हे वाक्य मी म्हणाले. पुढे लागणार आहे.

पहाटे तीनला वरच्या पॅसेजमधला अलार्म वाजला. चार बीप, थांबायचा, परत चार बीप. धुराचा अलार्म तीनदा वाजतो, चारदा म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, वास नसलेला विषारी वायू, हे मला आता माहितीये, तेव्हा मी बॅटरी संपली समजून कूस बदलली. नवरा उठला म्हणून. खाली आलो तर ना धूर ना वास. निखारे लालभडक, शांत. आई उठली पण पाय लटपटत होते, अण्णा काही केल्या नीट जागे होईनात, "डोकं दुखतंय गं" एवढंच. दोघांना ओढत बाहेर अंगणात काढलं, मुलाला ब्लँकेटसकट, आणि ९११, इथला मदतीचा नंबर, लागायला किती वेळ लागला ते मला अजून स्वप्नात येतं, कारण मोबाइलचे टॉवरही धड चालू नव्हते.

आगीचा बंब आला. व्हॉलंटियर लोक, गेले पाच दिवस झोपले नसावेत. मीटर घेऊन आत गेले, दारंखिडक्या उघडल्या, आणि एकजण बाहेर येऊन म्हणाला, डॅम्पर बंद आहे. कोणी केला?

डॅम्पर म्हणजे चिमणीच्या तोंडाशी असते ती लोखंडी झडप. जाळ संपला, आता नुसते निखारे, मग उब बाहेर का घालवायची म्हणून अण्णांनी दांडी ओढून ती लावली होती. बंबाच्या नळीवर झाकणी ठेवतात ना, तसं. निखाऱ्याला धूर नसतो म्हणून आपल्याकडे तो बिनधोक वाटतो, आणि हा वायू सगळ्यात जास्त तिथूनच येतो. गावी बंब परसात, वर कौलं, चहूकडून वारा. इथे आम्ही फटीसुद्धा टॉवेल लावून बुजवल्या होत्या.

आणि मी ओरडले. ॲम्ब्युलन्समध्ये ऑक्सिजनचा मास्क लावून बसलेल्या माणसावर, परक्या लोकांसमोर, मराठीत ओरडले म्हणजे जणू कोणाला कळणार नव्हतं. "तुम्हाला कळत नाही तर हात कशाला लावता? मारलं असतंत सगळ्यांना!" अण्णांनी मास्क थोडा बाजूला केला आणि म्हणाले, "चुकलं माझं." बस.

आता तुम्ही म्हणाल घाबरलेल्या माणसाच्या तोंडून जातं. मीही स्वतःला हेच सांगते. नवरा म्हणतो तू नसतीस ओरडलीस तर मी ओरडलो असतो. पण "ऊब वर चाललीये" कोण म्हणालं होतं? निखारे असताना झडप लावायची नसते हे मला तरी कुठे माहीत होतं? तो अलार्म घर घेताना नियम म्हणून लागलेला, त्यातली बॅटरी मेलेली होती, वादळाच्या आदल्या दिवशी स्टुलावर चढून नवी घातली ती अण्णांनी. हे मला त्या रात्रीही माहीत होतं. तरी मी बोलले. आणि तरी, खरं सांगू का, झडप त्यांनी लावली होती. मी दोन्ही बाजूंनी भांडून बघितलंय, निकाल लागत नाही.

दोघं बरे झाले, दुपारी घरी आले. पुढचे चार दिवस आम्ही मैत्रिणीकडे काढले. वसुबारसेच्या आधी लाइट आले.

पुढच्या वर्षी मी गॅस इन्सर्ट बसवून घेतला. डायरेक्ट व्हेंट, म्हणजे समोर काच पूर्ण बंद, जुन्या चिमणीतून दोन नळ्या, एकीतून बाहेरची हवा आत येते, दुसरीतून जळलेली बाहेर जाते, खोलीतल्या हवेशी संबंध नाही. लाइट गेले तरी पेटतो. डॅम्परची ती झडप काढूनच टाकली. ओढायला दांडीच नाही. सेल्समनने लाकडासारख्या दिसणाऱ्या ओंडक्यांचे चार प्रकार दाखवले, त्याने पहिला दाखवला तो मी घेतला.

हो, मजा नाही. तडतड नाही, वास नाही. गॅस म्हणजे मिथेन, त्याने हवामान तापतं त्याचं काय म्हणून कॉलेजात जाणारा मुलगा टोकतो, त्यालाही माझ्याकडे उत्तर नाहीये. कधी कधी शेजारच्या चिमणीतून लाकडाचा वास आला की मी पाच मिनिटं गाडीतच बसून राहते.

अण्णा २०१५ ला परत आले, सहा महिने राहिले. मी उत्साहाने दाखवलं, हे बटण, बस, काही होत नाही, काही बंद करायचं नाही, काही उघडायचं नाही. त्यांनी चष्मा लावून नीट बघितलं, छान आहे म्हणाले. रिमोट तिथेच टीपॉयवर असायचा. जानेवारीत दुपारी मी ऑफिसातून फोन केला की आई सांगायची, गार पडलंय गं. मी म्हणायचे, मग अण्णांना सांग की लावायला. पलीकडून त्यांचा आवाज यायचा, "राहू दे, ती आली की लावेल."